मीठ काढल्यावरचं पाणी

म्हात्रेबाईंच्या प्रयोगशाळेची एक भिंत तपकिरी बाटल्यांनी भरलेली होती. खालपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बाटल्या आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. रमणिकशेठ कुणा पाहुण्याला कारखाना दाखवायला आणत तेव्हा या भिंतीपाशी आले की जरा ओशाळत. "ये हमारी बाई की अचार की दुकान," असं म्हणून पाहुण्याला घाईने पुढे नेत. बाई मान वर न करता म्हणत, "मुरल्याशिवाय उघडायची नसते, शेठ."

त्या बाटल्यांत उरलेलं पाणी होतं. एखादं रसायन तयार झालं की ते शुद्ध करण्यासाठी गरम द्रवात विरघळवतात आणि थंड होऊ देतात. स्फटिक तळाशी बसतात, ते गाळून घेतात. वरचा रंगीत, मळकट द्रव सगळीकडे मोरीत जातो. आम्हाला कॉलेजात त्याचं नाव मदर लिकर असं शिकवलं होतं आणि ते फेकायचं असतं हेही त्याच तासाला शिकवलं होतं. बाईंकडे ते फेकायला बंदी होती. औषध म्हणून तपासायला पाठवलेल्या स्फटिकांचा निकाल आला तरी त्यांचं पाणी भिंतीवर राहायचं.

बाई भाईंदरजवळच्या मोरव्याच्या. घरची मिठागरं होती, भातशेती होती. डॉक्टरेट मिळवून त्या भाईंदरलाच परत आल्या आणि नवघरच्या बाजूला निघालेल्या या छोट्या औषध कंपनीत लागल्या. रोज सकाळी मिठागराच्या बांधावरून चालत, रेल्वेचं फाटक ओलांडून येत. साडीच्या काठाला चिखल असे आणि वर पिवळ्या डागांचा पांढरा कोट. पाण्याबद्दल कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "मीठ काढलं म्हणजे पाणी संपलं असं नाय. उरतं ते कडू असतं. कडू कशाने झालं ते बघायचं."

मी तिथे मुलाखतीला गेले तेव्हा गणपती तोंडावर आले होते. मी नुकती बी.एस्सी. झालेली, नन्सच्या शाळेत वाढलेली आणि कुणी सरळ डोळ्यांत पाहिलं की शब्द विसरणारी. घरी रत्नागिरीकडचं मराठी, पण रसायनशास्त्राचं एक वाक्यसुद्धा मला मराठीत येत नव्हतं. बाईंनी विचारलं, "स्फटिक का पडतो?" मी इंग्रजीतून पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली. एकही शब्द चुकला नाही. त्या ऐकून घेत होत्या, तेवढ्यात दारातून एक माणूस खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आत आला. बाई म्हणाल्या, "आता हेच पास्कलला सांग."

मी पास्कलकडे पाहिलं. लादीतून त्याच्या पाठीवर पाणी ओघळत होतं. मी पुन्हा तीच व्याख्या सुरू केली, इंग्रजीतच.

पास्कल अर्ध्यावरच म्हणाला, "बाय, मना फक्त सांगा, बरफ कुठं ठेवू?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गणपती गेले की ये. आणि ए कॉन्व्हेंट, खाली नको बघू. बर्फ पायावर पडायला लागला तरच खाली बघायचं."

तेव्हापासून मी कॉन्व्हेंट झाले. त्यांनी माझं खरं नाव कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

पास्कल उत्तनचा. तिथल्या मासेमारी होड्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातून आमच्यासाठी लाद्या आणायचा. आमची कितीतरी कामं त्या बर्फावर चालत. बर्फ फोडायचा, त्यात मीठ कालवायचं म्हणजे थंडी वाढते, त्यात काचेचा चंबू बसवायचा आणि आतल्या द्रवात दुसरा द्रव थेंबाथेंबाने सोडायचा. घाई केली किंवा चंबू तापला तर आत नको ते घडतं. मीठ अर्थात बाईंच्या घरचं.

बाई नवीन औषध शोधत होत्या. आमांशावर. कंपनीत इतर सगळे जुनीच औषधं गोळ्यांत भरत होते, तिथे एका खोलीत ही बाई अजून कुणी न बनवलेला रेणू बनवू पाहत होती. मला त्यांनी ते काम समजावलं ते चिंबोरीवरून, म्हणजे खेकड्यावरून. "खाजणात चिंबोरीचं बीळ असतं. आत काय आहे दिसत नाय. हात घालायचा. बोटं लांब पडली तर आखडायची, जाड पडली तर बारीक करायची. आपण रेणूचं एकेक टोक बदलतो ना, ते हेच. आज इथे क्लोरीन लाव, उद्या काढ. बीळ कधीच दिसत नाय. चिंबोरी चावली की कळतं, हात पोचला."

बनवलेल्या प्रत्येक रेणूला नंबर असे आणि बाई त्यांच्याबद्दल मुलींसारखं बोलत. "अकरावी विरघळायला तयार नाय, फार मानी." "चौदावीला हवा सोसत नाय." तयार झालेली चिमूट शहरातल्या एका कॉलेजात जायची. तिथे नळ्यांमध्ये आमांशाचे जंतू वाढवत आणि आमच्या मुलीने ते मेले की नाही ते कळवत. सोळाजणींनी काही केलं नव्हतं.

सतरावीने केलं. दिवाळीनंतर निकाल आला की नळीतले जंतू साफ. बाई उठून भिंतीपाशी गेल्या आणि सतरावीच्या पाण्याची बाटली मधल्या फळीवरून काढून डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवली.

मग त्यांनी सतरावी पुन्हा बनवली, कारण एकदा झालं ते झालं असं औषधाच्या धंद्यात म्हणता येत नाही. पहिली जरा पिवळट होती, ही अगदी पांढरीशुभ्र झाली. पाहून मला अभिमान वाटला. ती कॉलेजात गेली आणि उत्तर आलं की काहीही परिणाम नाही. तिसऱ्यांदा बनवली. आणखी शुभ्र. तिचंही तेच.

शुक्रवारी शहरातून सबनीससाहेब येत. कंपनीचे सल्लागार. बोलताना पेनाचं टोपण काढत आणि लावत. त्या शुक्रवारी शेठच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी कोपऱ्यात नमुने हातात धरून उभी होते.

"म्हात्रेबाई, शक्यता दोनच," साहेब म्हणाले. "एकतर कॉलेजवाल्यांचं मोजमाप चुकलं, नाहीतर तुमची पहिली बाटली अस्वच्छ होती."

"तिसरी?"

"तिसरी नाही."

"तिसरी असते, साहेब. आपल्याला ठाऊक नाय म्हणून ती नसत नाय."

शेठ मध्ये पडले. "बाई, झगडा कशाला? बोलून टाका ना, मिस्टेक झाला. मामला खलास. नवा कायदा आलाय. परदेशी कंपनीचं औषध आपण आपल्या रीतीने बनवू शकतो. बनवायची रीत वेगळी पायजे, बस. सगळे तेच करतायत. आपण पण तेच करू."

"ते मी करून देते," बाई म्हणाल्या. "मागच्या दाराने दुसऱ्याच्या घरात शिरायला मला येतं. पण शेठ, एकदा आपलं घर बांधून बघू की. आमांशाचं आज जे औषध आहे ते त्यांचं. घेणाऱ्याच्या तोंडाला दिवसभर लोखंडाची चव राहते. ती चव घालवायला ते आपल्याकडे येणार नायत."

"पण ही सतरावी तर फेल आहे ना?"

"फेल आहे की नाय तेच मला अजून माहीत नाय."

"मग बोला, चूक झाली."

"चूक झाली असेल तर शोधून आणीन आणि तुमच्या टेबलावर ठेवीन. शोधायच्या आधी कशी बोलू?"

सबनीससाहेबांनी टोपण लावलं. "बाई, हट्ट म्हणजे विज्ञान नव्हे."

"घाई पण नव्हे," बाई म्हणाल्या.

बाईंना नेमकं काय वाचवायचं होतं हे मला त्या दिवशी समजलं. नोकरी जाणार नव्हती. उलट परदेशी औषधाची नक्कल करायला त्यांच्यासारखं कुणी नव्हतं, हे शेठलाही माहीत होतं. सतरावी 'चूक' म्हणून मिटली असती तर नवीन औषध शोधायचं कामच त्या खोलीतून गेलं असतं. मोरव्याच्या बाईला जमलं नाही, एवढंच मागे उरलं असतं.

सोमवारी गावडे टोपली घेऊन आला. गावडे आमचा शिपाई, रायगडकडचा, तोंडाने फटकळ. शेठचा हुकूम होता की भिंत मोकळी करायची, नव्या कामाची उपकरणं तिथे येणार.

बाई फळ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "गावडे, पयली बाटली फोडायची ती माझ्या डोक्यावर."

"बाई, मी हुकमाचा ताबेदार. माझ्यावर कशाला?"

"ताबेदार ना? मग माझा पण हुकूम घ्या. टोपली खाली ठेवा आणि दोन चहा सांगा."

गावडेने टोपली खाली ठेवली. चहा आला. बाई तिथेच उभ्या राहून प्यायल्या. संध्याकाळपर्यंत शेठ स्वतः आले आणि दारात उभे राहूनच सौदा झाला. परदेशी औषधाची नवी रीत बाई काढून देणार, बदल्यात एक टेबल आणि ती भिंत बाईंची. शेठ जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्यात जन्माला यायला पायजे होता. धंदा केला असता."

बाई म्हणाल्या, "आमचा पण धंदाच होता, शेठ. मिठाचा."

पुढचे महिने बाई दिवसभर नक्कल करत. आम्ही सगळेच ते करत होतो. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा पटकन उरकून त्या त्यांच्या टेबलाशी जात, आणि न सांगता मीही जाऊ लागले. तिन्ही वेळचं पाणी त्यांनी भिंतीवरून उतरवलं. काचेच्या पट्ट्यांवर आम्ही हातानेच पांढऱ्या लेपाचा पातळ थर देत असू. त्यावर बारीक नळीने ठिपका द्यायचा, पट्टी द्रवात उभी करायची. द्रव वर चढतो आणि ठिपक्यातल्या वस्तू आपापल्या गतीने त्याच्याबरोबर चढतात. मग पट्टी आयोडिनच्या बरणीत ठेवली की डाग दिसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्यात एकच डाग होता. पहिल्या पाण्यात दोन. वरचा डाग आयोडिनच्या आधीच, नुसत्या डोळ्यांना पिवळा दिसत होता.

"सवत आहे," बाई हळूच म्हणाल्या.

म्हणजे जंतू सतरावीने मारलेच नव्हते. सतरावीबरोबर कुणीतरी दुसरीच तयार झाली होती, थोडीशी, आणि ती मळ म्हणून तिला चिकटून कॉलेजात गेली होती. आम्ही सतरावी जितकी स्वच्छ केली तितकं औषध धुऊन टाकलं. मला केबिनमधलं साहेबांचं वाक्य आठवलं, बाटली अस्वच्छ होती म्हणे. बाईंनाही आठवलं असावं. त्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, "अस्वच्छ होती हे बरोबर. पण घाण कसली ते त्यांनी विचारलं नाय."

उरलेल्या पाण्यातून ती पिवळी जेमतेम नखाएवढी निघाली. तपासायला पुरेल इतकी हवी तर ती बनवता यायला हवी, आणि ती कशी बनली तेच ठाऊक नव्हतं. कृती तीच, बाटल्या त्याच, वजनं तीच. पहिल्या दिवशी काय वेगळं झालं? एका दुपारी जेवताना बाईंनी सगळ्यांनाच विचारलं. कुणी म्हणालं हवा दमट होती, कुणी म्हणालं वीज गेली असेल. बाईंनी चिठ्ठीवरची तारीख दोनदा मोठ्याने वाचली.

मी तोपर्यंत जेवणाच्या टेबलावर आपण होऊन कधी बोलले नव्हते. पण ती तारीख मला माहीत होती. तो माझा कामाचा पहिला दिवस होता.

"त्या दिवशी सगळ्यांच्या डब्यात मासे होते," मी म्हणाले.

गावडे हसला. "कॉन्व्हेंट, बाई औषधाचं विचारतायत."

माझे कान तापले. पण थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी डब्याकडे बघत बोलत राहिले. आदल्या दिवशी गौरी-गणपती गेले होते. श्रावणापासून थांबलेले सगळे त्या दिवशी माशांवर तुटून पडले होते. माझ्याच डब्यात भेंडी होती, म्हणून गावडेने मला तळलेली तुकडी दिली होती. आणि पास्कल उशिरा आला होता, खांद्यावर लादी नव्हती, हातात पिशवीभर चुरा होता. म्हणाला होता, "तुमचं देव गेलं नं आमचा बरफ पन गेला." सगळ्या होड्या भरून आल्या होत्या आणि उत्तनचा सगळा बर्फ माशांवर पडला होता.

बाईंचा घास हातातच राहिला.

"दुपारी वितळला होता," त्या म्हणाल्या. "मीच बसलेले. चंबू कोमट लागत होता. मी म्हटलं, थोडंच उरलंय, सोडून टाकू." मग त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की डब्यांची झाकणं उडाली. "अरे देवा! घाई मीच केली!"

त्या दुपारी त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. थंडीत रेणूचं लांब टोक मोकळं राहतं, ती सतरावी. ऊब मिळाली की ते टोक वळून स्वतःच्याच अंगाला चिकटतं आणि कडं तयार होतं, ती पिवळी. आम्ही बिळात सरळ बोट घालत होतो, आणि तिथे हवी होती मिटलेली मूठ.

दुसऱ्या दिवशी चंबू मुद्दाम उबेत ठेवला. संध्याकाळी तळाशी हळदीसारखे स्फटिक बसले होते. ते कॉलेजात गेले आणि निकाल आला. जंतू साफ. पुन्हा पाठवले, पुन्हा साफ.

त्या शुक्रवारी बाई न बोलावता केबिनमध्ये गेल्या आणि ती पिवळी बाटली शेठच्या टेबलावर ठेवली. "घ्या. शोधून आणते म्हटलं होतं ना? चूक झाली होती. माझीच. आणि औषध जे काय आहे ते त्या चुकीत आहे."

शेठनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. सबनीससाहेब म्हणाले, "म्हणजे निव्वळ अपघात."

"हो, अपघात. पण अपघाताचा पंचनामा करावा लागतो, साहेब. तुम्ही प्रेत मोरीत टाकायला सांगत होता."

टोपण निघालं नाही की लागलं नाही.

गोष्ट इथे थांबली असती तर मी ती कुणालाही आनंदाने सांगितली असती. पण औषध नळीत चालणं ही पहिली पायरी. पुढे उंदीर असतात. पिवळी उंदरांना दिली तेव्हा आमांश गेला, पण त्यांची यकृतं खराब झाली. मात्रा कमी केली तर यकृत राहिलं आणि आमांशही राहिला. बाईंनी तीन वेगवेगळ्या मात्रांनी करून घेतलं. मग एके दिवशी त्याच केबिनमध्ये जाऊन त्यांनीच सांगितलं, "पिवळी बंद. माणसाला देण्यासारखी नाय."

सबनीससाहेब मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या हो बाई. शेवटी मी म्हणत होतो तेच झालं."

बाई दारापर्यंत गेल्या होत्या, त्या परत फिरल्या. मी त्यांचा आवाज चढलेला तेवढा एकदाच ऐकला आणि रागात त्यांची घरची बोली वर आली. "तसं न्हाय, साहेब. तुम्ही बोललेला ती न्हायच. ती व्हती. व्हती, न मेली. न्हायच आणि मेली, यात फरक हाय. मेलेलीचं मना कारण माहीत हाय. ते कारण घेऊन मी पुढचीला जाणार."

शेठ माझ्याकडे बघत होते, मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी खाली बघितलं नाही.

थोड्याच दिवसांत मला पुढच्या शिक्षणासाठी पुण्यात प्रवेश मिळाला. शेवटच्या दिवशी सकाळी कारखान्यात शिरले तर अंगणात लाकडी खोकी रचलेली होती. नकलेच्या कामाची नवी उपकरणं. सबनीससाहेबांचा निरोप होता की पिवळी मेली तसा सौदाही संपला, आता ते टेबल आणि ती भिंत मोकळी करा. गावडे खोक्यांवर बसून विडी ओढत होता. मी विचारलं, "आत कधी न्यायची?"

"मला काय विचारता? टेबलावर जागा कुठाय?"

मी दारातून पाहिलं. भिंत होती तशीच होती. टेबलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काच मांडलेली, आणि मधल्या चंबूवर बाई वाकलेल्या. चंबूखाली कोमट पाण्याचं भांडं होतं. कड्याला धक्का न लावता यकृत बिघडवणारं टोक कापायचं, असं काहीतरी त्या आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या. अठरावी.

पास्कल लादी खांद्यावर घेऊन माझ्या मागून आत शिरला. "बाय, आज मोठी लादी हाय. कुठं ठेवू?"

"आज बर्फ नको."

"नको? रोज बोंबलता बरफ बरफ, न आज नको?"

"आज ऊब पायजे. परत ने."

पास्कल माझ्याकडे वळला. "कॉन्व्हेंटबाय, हिला सांग ना कायतरी." पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं.

मी निरोप घ्यायला आले होते, पण बाईंनी डावा हात मागे करून बोटांनीच मला थांब म्हटलं. उजव्या हाताने थेंब सोडत होत्या. एक, मग वाट पाहणं, मग एक. चंबूत अजून काहीच दिसत नव्हतं. बाहेर गावडेला कुणीतरी ओरडून विचारत होतं, खोकी आत का गेली नाहीत. बाईंनी पुढचा थेंब सोडला.